९६ किलो आणि तीन पायऱ्या

मिरजेतल्या एका अस्थिरोग रुग्णालयाचा दुसरा मजला. फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतीलगत समांतर दांड्या, कोपऱ्यात तीन पायऱ्यांचा लाकडी जिना. बाकावर इचलकरंजीच्या, जतच्या आणि पार अथणी-चिक्कोडीच्या बायका. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात सुखाने नांदतायत. पुरुष दोनच. गुडघ्याची झीज तशी बायकांच्याच वाट्याला जास्त येते.

आत्याला व्हीलचेअरवरून आत आणतात. सोमवारी उजवा गुडघा बदललाय, आज शुक्रवार. उंची पाच फूट, वजन ९६ किलो. फाईलवर बीएमआय ४१ लिहिलाय. आपल्याकडे २५ च्या वर गेलं की स्थूल म्हणतात.

“काकू, पाय पुढे सोडा, हातांवर जोर द्या, उठा,” फिजिओ ताई म्हणते. एक आया डावीकडून, दुसरी मागून. पहिल्या खेपेला आत्या अर्ध्यावरून परत खाली बसते. दुसऱ्या खेपेला उभी राहते, वॉकर घट्ट धरून, कपाळावर घाम. शेजारच्या खाटेवर जतच्या मावशी आहेत. काटकुळ्या हातापायांच्या, ऑपरेशन त्याच दिवशीचं. पण त्यांना झोपल्या झोपल्या सरळ पाय वीतभरही उचलता येत नाहीये. दुखतंय म्हणून वर्षानुवर्षं चालणं टाळलं, मांडीचा स्नायू पार वाळून गेला. मघापासून आत्याकडे बघून हळहळणाऱ्या बायका आता गप्प होतात.

खाटेवर टाच सरकवत आत्याचा गुडघा वाकवायचा असतो. ताई कोनमापक लावते. ७० अंश. आणखी रेटलं तरी पुढे जात नाही.

“आत काही अडकलंय का?” मी विचारतो.

“सांधा मोकळा आहे. सूज अजून उतरलेली नाही.” टाके निघेपर्यंत ९० गाठायचं, म्हणजे खुर्चीत नीट बसता येईल. त्यापुढे जाडीमुळे वाकणं थोडं कमीच राहणार, हेही ती आडपडदा न ठेवता सांगते.

डॉक्टर येतात, ड्रेसिंग उचलून टाक्यांची रेघ न्याहाळतात. चरबीच्या जाड थरात रक्तपुरवठा कमी, जखम पाझरते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून बीएमआय ४० च्या वर गेला की काही सर्जन रुग्णाला परत पाठवतात. आधीच्या एका डॉक्टरांनी आत्याला वीस किलो उतरवून या म्हणून सांगितलं होतं. फाटकापर्यंत चालवत नाही अशा बाईने वीस किलो उतरवायचे तरी कसे? अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञ आणि सांधेबदल सर्जनांच्या संघटनांनी २०२३ मध्ये दिलेला सल्लाही असाच आहे : नुसत्या वजनाच्या आकड्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नका. इथल्या डॉक्टरांनी वजनावरून अडवलं नाही, पण साखर आटोक्यात येईपर्यंत तारीखही दिली नाही. हे मला पटतं.

“रेघ कोरडी आहे. दुखणं?”

“टाक्यांचं आहे. रात्री जागवायचं ते गेलं.”

डॉक्टर मान हलवतात. जाड माणसाला कमी गुण येतो ही समजूत अर्धीच खरी, म्हणतात. चालण्यात ती इतरांच्या थोडी मागे राहील. पण आधीपेक्षा फरक किती पडला असं विचाराल, तर तो जवळपास तेवढाच असतो.

आता जिना. “चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. निधान, निधान.” आत्या डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवते आणि “आई गं” म्हणते. तिथंच खरी गोम आहे. डावाही झिजलेलाच, आणि सध्या सगळा भार त्याच्यावर. शरीराचं एक किलो उतरलं, की अशा गुडघ्यावरचा दर पावलाचा सुमारे चार किलो भार हलका होतो. नव्या गुडघ्यापेक्षा या जुन्यालाच वजन कमी होण्याची गरज जास्त.

“चालायला लागल्या की वजन आपोआप उतरेल,” सूनबाई म्हणते.

“बहुतेकांचं नाही उतरत. दुखणं जातं, जेवण तेच राहतं.” ताई डबा उघडून बघते : साबुदाण्याची खिचडी, एकादशीची. “आत्ता उपास बंद. जखम भरायला मटकीची उसळ, अंडं, ताक. टाके निघाले की आहारतज्ज्ञांकडे जायचं.”

आत्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभी आहे. माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, “जाईन. पण ह्याला बरोबर देऊ नका. सारखा आकडे विचारतो.”