न झालेला बिघाड

चंद्रपूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी अधूनमधून असते : ‘वीज केंद्राचा संच बंद, बॉयलर ट्यूब लीकेज.’ संच पुन्हा सुरू झाला की रात्रंदिवस राबलेल्यांचे कौतुक होते. ते व्हायलाच हवे. पण जो बिघाड झालाच नाही, त्याची बातमी कोण देणार?

आपल्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. बॉयलर म्हणजे पोलादी नळ्यांचे दाट रान. नळ्यांच्या आत पाणी आणि वाफ, बाहेर कोळशाची आग. आपल्याकडच्या कोळशात राख फार. धुराबरोबर धावणारी ही राख पॉलिश पेपरसारखी नळ्या घासत राहते. नळी एका दिवसात फुटत नाही, ती झिजत जाते. फुटली की सुटलेली वाफ शेजारच्या नळ्याही कापते. मग संच बंद करायचा, बॉयलर थंड होईपर्यंत थांबायचे, तेव्हा कुठे माणूस आत जाणार. पुन्हा पेटवायला तेल जाळावे लागते, ते वेगळेच.

याउलट, ठरवून घेतलेल्या बंद काळात अल्ट्रासॉनिक यंत्राने नळीची जाडी मोजता येते आणि झिजलेली नळी आधीच बदलता येते. पंप, पंखे यांच्या बेअरिंगचे तापमान आणि कंपन रोज टिपता येते. जुने फिटर तर स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावतात आणि आवाज बदलला का, ते ऐकतात.

म्हणून दिसेल ते यंत्र उघडत बसावे असे नाही. वसाहतीतला दिवा गेल्यावर बदलला तरी चालतो. धड चाललेले यंत्र विनाकारण खोलले तर जोडताना नवी चूक होऊ शकते. प्रश्न एवढाच विचारायचा : हे बंद पडले तर किंमत कोण मोजणार?

१ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहारच्या वीज केंद्रात ५०० मेगावॉटच्या संचात स्फोट झाला. आपल्याकडचे मोठे संचही एवढ्याच क्षमतेचे आहेत. तिथे भट्टीच्या तळाशी राख साचली होती आणि संच चालू ठेवूनच ती काढण्याचा प्रयत्न सुरू होता. चाळीसहून अधिक माणसे गेली.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हे नवे नाही. वणवा पेटल्यावर धावणे वेगळे आणि उन्हाळ्याआधी पालापाचोळा जाळून जाळरेषा काढणे वेगळे. जाळरेषा काढणाऱ्या वनमजुराचा फोटो मात्र क्वचितच छापून येतो.

कारखान्यातल्या पुढच्या सत्काराला, ज्याचा पंप वर्षभरात एकदाही अचानक बंद पडला नाही, त्या माणसालाही बोलवा. त्याच्याजवळ सांगण्यासारखा प्रसंग नसेल. तीच त्याची कामगिरी आहे.