मंडळाची वेबसाइट: नाव कोणाच्या नावावर?

ज्येष्ठ नागरिक संघ असो, भजनी मंडळ असो की गावातला ट्रेकिंगचा गट, कार्यकारिणीत वेबसाइटचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘‘आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की!’’ उद्याच्या सहलीची बस किती वाजता सुटणार, हे कळवायला ग्रुप उत्तमच. पण गावात नव्याने राहायला आलेल्या निवृत्त शिक्षिकेला तो सापडत नाही, कारण तो आतल्यांसाठीच असतो. आणि गेल्या वर्षीचा अहवाल तिथे शुभेच्छांच्या ढिगाखाली केव्हाच गाडला गेलेला असतो.

दुसरा गैरसमज खर्चाचा. मंडळाला चार-पाच पानं पुरतात: आपण कोण, कुठे नि कधी भेटतो, आगामी कार्यक्रम, वर्गणी, संपर्क. एवढ्यासाठी प्रोग्रॅमर लागत नाही. गूगल साइट्सवर फुकटात, कोडची एक ओळही न लिहिता ही पानं रचता येतात. २००३ पासूनचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. मात्र ते ठेवायला लागणाऱ्या जागेचे, म्हणजे होस्टिंगचे, पैसे पडतात. ब्राउझर ज्यावरून साइट सुरक्षित मानतो, ते प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा व्यवस्था २०१५ पासून विनामूल्य देते. त्याचे कोणी वेगळे पैसे मागितले, तर कशाचे ते जरूर विचारा.

सगळ्यात महाग पडतो तो तिसरा गैरसमज: ‘एकदा डोमेन घेतलं की ते कायमचं आपलं.’ डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, विकत मिळत नाही; तो ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावे नोंदवला जातो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं, आणि पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर तेव्हा बहुधा राहत नाही. नेहमी घडतं ते असं. चिटणीसांचा भाचा हौसेने साइट करून देतो, डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो, पुढे नोकरीसाठी परगावी जातो. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या, न उघडलेल्या मेलमध्ये पडून राहतात. मुदतीनंतर साधारणपणे काही दिवसांची सवलत मिळते, मग जास्तीचं शुल्क भरून नाव सोडवता येतं आणि शेवटी ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं. मंडळाच्या पत्रकांवर, बॅनरवर छापलेला पत्ता मग भलत्याच पानावर नेऊ लागतो. भाच्याचा यात दोष नाही. बँक खातं मंडळाच्या नावावर असावं असा आग्रह धरणाऱ्यांनी डोमेनबाबतही तोच धरायला हवा होता.

‘मराठीत साइट नीट दिसत नाही,’ ही समजूत जुन्या फॉन्टच्या काळातली. तेव्हा तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची अगम्य अक्षरं होत. आता युनिकोडमध्ये टाइप केलेली मराठी साध्या मोबाइलवरही वाचता येते आणि शोधताही येते. ‘मुक्त’सारखे सुबक फॉन्ट मोफत आहेत. पत्ताही देवनागरीत घेता येतो, कारण ‘डॉट भारत’ २०१४ पासून उपलब्ध आहे. उलट सूचनेचा नुसता फोटो चढवला, तर त्यातली अक्षरं शोधात येतीलच असं नाही आणि दृष्टिहीन सदस्याच्या स्क्रीन रीडरलाही ती बहुधा वाचता येत नाहीत. सूचना टाइपच करावी.

‘सदस्यांची यादी टाकली की साइट भरलेली दिसते,’ असंही काही जण म्हणतात. ज्येष्ठांची नावं, जन्मतारखा आणि फोन नंबर एकत्र मिळाले, तर फसवणूक करणाऱ्यांचं काम सोपं होतं. कार्यालयाचा एक संपर्क क्रमांक पुरे.

पुढच्या बैठकीत एक ठराव करा: डोमेन मंडळाच्या नावे, मंडळाच्याच ईमेलवर, पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे, आणि नूतनीकरणाची तारीख खजिनदारांच्या वहीत. पदाधिकारी बदलले की कीर्दखतावणीबरोबर हेही नव्या हाती सोपवा.