भुताचे लग्न आणि पुनर्जन्माचा पेच : कोलकात्याची अलौकिक विनोदपरंपरा

अलौकिकाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या प्रणयविनोदी चित्रपटांची चर्चा सहसा हॉलिवूडपासून सुरू होते. ‘टॉपर’ (१९३७), रने क्लेअरचा ‘आय मॅरीड अ विच’ (१९४२), ‘द घोस्ट अँड मिसेस म्यूर’ (१९४७) ही त्यातील ठळक नावे. बंगालीतील समांतर कृतींना त्यांचे पडसाद मानण्याचा मोह होतो. कालक्रम मात्र त्याला अनुकूल नाही. राजशेखर बसू ऊर्फ परशुराम (१८८०-१९६०) यांची ‘भूशण्डीर माठे’ ही कथा ‘गड्डलिका’ (१९२४) या संग्रहात आहे. ‘टॉपर’ ज्या थॉर्न स्मिथच्या कादंबरीवर बेतला, ती १९२६ची.

या कथेतील शिबू भट्टाचार्य बायकोशी भांडून कोलकात्याला येतो, कालीघाटाच्या देवीकडे तिचे मरण मागतो आणि स्वतःच पटकीने मरतो. पुढे तो बेलाच्या झाडावरचा ब्रह्मदैत्य होतो. ब्रह्मदैत्य म्हणजे ब्रह्मसमंध, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. शंखाच्या बांगड्यांची शाकचुन्नी ही सवाष्णपणी मेलेली. मराठीतील जखीण तिला जवळची. भूतयोनीतही जात आणि वैवाहिक स्थिती सुटत नाही, या समजुतीवर कथेचा सारा विनोद तोललेला आहे. शिबू डाकिणीशी लग्न लावतो, तर ती त्याचीच बायको नृत्यकाली निघते. तेवढ्यात उरलेल्या दोघी आधीच्या जन्मांतील बायका म्हणून हक्क सांगतात, आणि नृत्यकालीचेही पूर्वजन्मींचे नवरे पुढे येतात. लेखक हा गुंता सोडवत नाही. तो समकालीन लेखकांवर सोपवून मोकळा होतो.

इथे भेदाचे मूळ दिसते. ख्रिस्ती विवाह मृत्यूपाशी संपतो. म्हणून कॅप्टनचे भूत आणि मिसेस म्यूर यांच्यात प्रश्न उरतो तो सीमा ओलांडण्याचा. परशुरामांच्या जगात मृत्यूने विवाह संपतच नाही, उलट जन्मागणिक साचत जातो. कथेत ते स्वतःच सांगतात की, आस्तिक साहेबांना आत्मा असतो, पुनर्जन्म नसतो; मेल्यावर ते एका मोठ्या वेटिंगरूममध्ये जमतात. नास्तिकांचे तर केवळ वायू होतात. बंगाल केमिकलमध्ये हयात घालवलेल्या रसायनज्ञालाच हे सुचावे!

चित्रपटाकडे वळल्यास प्रफुल्ल चक्रवर्ती यांचा ‘जमालये जीवन्त मानुष’ (१९५८) महत्त्वाचा. भानू बंदोपाध्याय यांचा प्रेमी नायक यमलोकी जिवंतपणीच पोचतो आणि तिथे बंड माजवतो. ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’मध्ये (१९४१) परलोकीच्या दूताच्या चुकीने देह गमावलेला आत्मा नवा देह शोधत हिंडतो, बंगाली चित्रपटात जिवंत देहच यमाच्या दप्तराची अडचण होऊन बसतो. हे कथाबीज पुढे तेलुगू ‘देवांतकुडू’त (१९६०) गेले, ‘यमगोला’ (१९७७) आणि हिंदी ‘लोक परलोक’ (१९७९) हे त्याच वळणाचे. मराठी ‘एक डाव भुताचा’ (१९८२) याच शेजारचा असला, तरी त्याचे गोत्र ग्रामीण विनोदकथेचे आहे.

अनीक दत्त यांच्या ‘भूतेर भविष्यत’पर्यंत (२०१२) पेचाचे स्वरूप पालटते. कोलकात्यातील जुने वाडे पाडले जात असल्याने भुतांना राहायला जागा उरत नाही, आणि एका हवेलीत कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी त्यांची निवडचाचणी होते. जमीनदार, गोरा साहेब, जुन्या पडद्यावरची नटी आणि नक्षलवादी तरुण एका छपराखाली येतात. प्रेम आहे, पण ते आता दुय्यम. पूर्वजन्मीच्या नात्यापेक्षा डोक्यावरचे छप्पर मोलाचे ठरते, आणि भुतांचा शत्रू असतो हवेलीच्या जागी मॉल बांधू पाहणारा विकासक.