नुसतं "छान" म्हणू नका!

"काकू, तुम्हांला माझी गाणी आवडली नाहीत. मग 'छान आहेत' असं का म्हणालात?"

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ओटा आवरून मी नुकत्याच वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या, आणि फोनवर एक बावीस वर्षांची पोर मला सरळ विचारत होती. मी गडबडले. "अगं, तसं नाही..." असं काहीतरी पुटपुटले. तीही मग "बरं, झोपा काकू" म्हणाली आणि फोन बंद झाला. त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

पण मैत्रिणींनो, ही हकिगत मधूनच सांगून कळायची नाही. पहिल्यापासूनच सांगते.

आम्ही सांगलीत राहतो. सकाळी दोन-तीन तास मी शाळेत मराठी शिकवते, उरलेला दिवस घर. आमच्या कॉलनीत आम्ही आठजणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते पाच एकत्र जमतो. भिशी नाही, हळदीकुंकू नाही. आम्ही गाणी ऐकतो! महिन्याभरात निघालेला एखादा नवा अल्बम, नाहीतर कुणी नुकत्याच ऐकून आलेल्या मैफलीची हकिगत, आणि मग त्यावर बोलणं. चहा आणि एकच खाण्याचा पदार्थ, हा नियम. नाहीतर गाणं बाजूला राहतं आणि भज्यांचीच चर्चा होते.

भांडणातून निघालेली बैठक

याची सुरुवात झाली ती घरातल्या एका भांडणातून. 2015 च्या दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट आला. तेव्हा मी नवीनच लग्न होऊन आले होते. मला त्यातली गाणी वेड लावून गेली. सासूबाई मात्र ऐकायलाच तयार नाहीत! त्यांच्या मनात 1967 चं मूळ नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब पक्के बसलेले. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच. नाट्यसंगीतावर इथं प्रत्येक घराचं ठाम मत असतं. सासूबाई म्हणाल्या, "हे आपलं सगळं पॉलिश केलेलं." मी म्हटलं, "तुम्हांला जुनं तेवढंच सोनं वाटतं." दोन दिवस आम्ही एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईच म्हणाल्या, "चल, दोन्ही एकापाठोपाठ ऐकू." ऐकलं, आणि दोघींनाही एक गोष्ट लक्षात आली. रंगभूमीवर समोर श्रोते असतात, वन्समोअर मिळाला की गायक पद वाढवतो, तान पुन्हा घेतो. चित्रपटातल्या गाण्याला त्या प्रसंगाएवढंच थांबता येतं, पण तिथं वाद्यमेळ मोठा असतो, बारीक कुजबुजही ऐकू येते. दोन्हींना एकच माप कसं लावायचं? शिवाय चित्रपटातल्या खाँसाहेबांना आवाज होता वसंतरावांच्याच नातवाचा, राहुल देशपांड्यांचा. सासूबाई म्हणाल्या, "आजोबांची ऐट वेगळी. पण पोरानं नक्कल केली नाही, हे चांगलं केलं." हे मात्र मत झालं! "जुनं ते सोनं" हे मत नव्हतं, आणि माझं "काय भारी आहे!" हेही नव्हतं. ते ऐकायला शेजारच्या आक्का आल्या, मग त्यांच्या जाऊबाई. अशी आमची बैठक बसली.

बायकांना काय कळतं?

आमचं हे खूळ ऐकून पहिल्यांदा खूप जणांनी थट्टा केली. "तुम्ही काय समीक्षक का?" असं घरातल्याच माणसांनी विचारलं. खरं सांगायचं तर घरात सर्वांत जास्त गाणं बायकाच ऐकतात. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना रेडिओ कुणाचा चालू असतो? पण आवडलं की नाही, हे आपल्याला कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर आपणही "बरं आहे" म्हणून मोकळ्या होतो.

आमच्या मिरजेची आठवण इथं द्यायलाच हवी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच आहे. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. स्त्रियांच्या तिकीट लावलेल्या जाहीर मैफलींना ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत हिराबाईंचं नाव पहिलं घ्यावं लागतं. चारचौघांत बाईनं गावं हेच ज्या काळी लोकांना खटकत होतं, त्या काळी त्या ताठ बसून गायल्या. मग आपण निदान ऐकून चारचौघांत बोलायला का कचरावं?

उरुसाच्या वेळी त्याच दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. चिंचेच्या झाडाखाली, उघड्यावर, मोठमोठे कलावंत गाऊन जातात. शेजारी बसलेली माणसं कोण, कुठली, काही ठाऊक नसतं. पण गाणं संपलं की बोलणं सुरू होतं. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "काय वाटलं?" मी सवयीनं म्हटलं, "छान." ते हसून म्हणाले, "ते झालंच. कुठं छान वाटलं?" मला सांगता येईना. तो प्रश्न मी आमच्या बैठकीत आणला. तेव्हापासून नुसतं "छान" म्हणणाऱ्या बाईनं पुढच्या वेळचा चहा करायचा!

आणि मग घरचाच अल्बम आला

आमच्या बैठकीत एक वहिनी आहेत; शिवणकाम करतात. त्यांची मुलगी मिरजेला अकरा वर्षं गाणं शिकली. वहिनींनी ब्लाउज शिवून शिवून तिची फी भरली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या वर्षी तिनं पाच भावगीतांचा अल्बम काढला. स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, सगळं घरून.

त्या शनिवारी वहिनी शिरा करून घेऊन आल्या. नेमकी वीज गेली, म्हणून मोठा स्पीकर लागेना, मोबाईलवरच ऐकलं. पाच गाणी झाली आणि कुणी बोलेना. शेवटी आक्का म्हणाल्या, "छान." मग आम्ही सगळ्याजणी, "छान, छान!" मीही. चहाच्या दंडाची आठवण कुणालाच राहिली नाही. वहिनींनी शिऱ्याचा डबा न बोलता उचलला, आणि रात्री तो फोन आला.

चूक काय होती गाण्यांत? एकही सूर हललेला नव्हता; तेच खटकत होतं. हल्ली स्टुडिओत आवाज ध्वनिमुद्रित झाल्यावर संगणकावर तो सुरात 'बसवता' येतो. गायिकेचा सूर जरासा खाली-वर गेला तर यंत्र तो ओढून जवळच्या नेमक्या सुरावर ठेवतं. हे तंत्र 1997 च्या सुमारास अमेरिकेत आलं आणि आता ते सगळीकडे आहे. थोडं वापरलं तर कळतही नाही. पण आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड असते, सूर किंचित झुलवणं असतं. यंत्राला ती चूक वाटते! सुती साडीला भरमसाट कांजी घालून कडक इस्त्री केली की घडी सुरेख दिसते, पण अंगाला कापड लागत नाही, तसं त्या पोरीच्या आवाजाचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाचही गाणी पुन्हा दोनदा ऐकली आणि तिला फोन केला. मीड कुठं सपाट झालीय ते गाण्यासकट सांगितलं. दुसऱ्या गाण्यात श्वास ऐकू येतो तिथं ती सर्वांत चांगली वाटली, हेही सांगितलं. वर एक शेरा मारला, की तबल्याचा डग्गा कुठं ऐकूच येत नाही. ती शांतपणे म्हणाली, "काकू, मोबाईलवर ऐकलंत ना? त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे आवाज येतच नाहीत. हेडफोन लावून ऐका." ऐकलं. डग्गा होता, आणि चांगला घुमत होता! माझी चूक मी कबूल केली.

पण बाकीचं तिला लागलंच. "असं सरळ केलं नाही तर हल्ली कुणी ऐकत नाही," ती म्हणाली. वहिनी दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. भाजीच्या गाडीपाशी भेटल्या तरी "घाई आहे" म्हणायच्या. मला वाटायचं, कशाला बोलले मी? तोंडदेखलं गोड बोलून आपलं माणूस तरी टिकलं असतं.

मग नवरात्र आलं. कॉलनीच्या मंडळात त्या मुलीचं गाणं ठेवलं. माईक कुईकुई करत होता, तंबोरा मोबाईलमधला, समोर पोरांची पळापळ. दोनदा तिचा सूर हलला. पण काय गायली! तेच दुसरं गाणं तिनं संथ लयीत घेतलं. एका ओळीवर रेंगाळली, आणि पळणारी पोरंसुद्धा थांबली. संपल्यावर मी तिला तेवढंच सांगितलं, "त्या ओळीवर थांबलीस ना, तिथं मी श्वास घ्यायची विसरले." ती काही बोलली नाही, वाकून नमस्कार केला. पुढच्या शनिवारी वहिनी आल्या, आणि चिवड्याचा डबा पुढे ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही सगळ्याजणी गप्प बसलात ना, त्याचं मला जास्त लागलं होतं हो."

मुलीला माझं सगळं म्हणणं अजूनही पटलेलं नाही. न पटो! पण आता नवीन गाण्याचा कच्चा नमुना ती आधी आमच्याकडे पाठवते.

तुम्हीही बैठक जमवणार असाल तर...

अनुभवातून शिकलेल्या सहा गोष्टी सांगते :

1. नवा अल्बम एकदा ऐकून निकाल देऊ नका. एकदा काम करताना, एकदा स्वस्थ बसून आणि एकदा डोळे मिटून ऐका. 1955-56 साली 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे लागत असे. छप्पन्न गीतं, आणि प्रत्येकावर बोलायला अख्खा आठवडा! आता रोज ढीगभर गाणी येतात, पण आपला कान तोच आहे.

2. मोबाईलच्या स्पीकरवर मत बनवू नका. बरा स्पीकर नसेल तर साधे हेडफोन पुरतात.

3. कधीतरी गायकाचं नाव न सांगता गाणं लावा. नाव मोठं म्हणून मान डोलावण्याची सवय मोडते. आमच्याकडे या खेळात सर्वांत जास्त फजिती माझीच होते!

4. "कुठं आवडलं?" आणि "कुठं खटकलं?" हे दोनच प्रश्न विचारा. जागा दाखवता आली तर ते मत. नाहीतर ती नुसती नावं ठेवणं.

5. मैफलीहून आल्यावर त्याच रात्री, इतरांशी बोलायच्या आधी, चार ओळी लिहून ठेवा. आणि आपण कुठं बसलो होतो तेही लिहा. कर्ण्याच्या तोंडाशी बसून गायकाला दोष देण्यात अर्थ नाही.

6. गाणारा आपल्या घरचा असेल तर चांगलं चारचौघांत सांगा आणि उणं एकटीला गाठून सांगा. पण सांगा!

आणि घरच्या सोयीचं? दुपारी कणीक मळून झाकून ठेवा, आमटी करून ठेवा, भाजी चिरून ठेवा. मैफल साडेनऊला संपली तरी दहाला गरम पोळी पानात पडते. आमच्याकडे तर आता पोळ्या 'हे'च करतात. जाड होतात, कडेला कच्च्या राहतात. परवा त्यांनी विचारलं, "कशा झाल्यात?" मी "छान" म्हणणार होते. पण मग जीभ चावली, आणि कुठं कच्ची राहिलीय ते बोट ठेवून दाखवलं.