मे महिन्यातले ऊन आणि प्लगचा नंबर

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले सौंदड हे मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो. नागपूर-रायपूरच्या या रस्त्यावर आता ताकदवान टर्बो पेट्रोल गाड्या सर्रास धावताना दिसतात, आणि त्यांच्याबरोबर एक समजही पसरला आहे: आपल्याकडचे ऊन एवढे कडक, गाडी एवढी जोरदार, तेव्हा कंपनीने दिलेला स्पार्क प्लग काढून एक-दोन नंबर ‘थंड’ प्लग टाकलेला बरा. ऐकायला हे पटते, पण त्याचा पाया चुकीचा आहे. प्लगचा नंबर बाहेरच्या हवेवरून ठरत नाही, गाडीवर ‘स्पोर्ट’ लिहिले आहे म्हणूनही ठरत नाही. इंजिनाच्या एकेका सिलिंडरला किती काम करावे लागते आणि ते किती वेळ करावे लागते, या दोनच गोष्टी तो ठरवतात. हे नीट समजले तर पैसे वाचतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंजिन वाचते.

आधी प्लग हातात घेऊन त्याच्या टोकाकडे पाहू. मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या अॅल्युमिना सिरॅमिकचे, निमुळते नाक दिसते. हे नाक धातूच्या कवचात खोलवर जाऊन एका जागी टेकते. ज्वालेने तापलेल्या टोकाची बहुतेक उष्णता नाकातून त्या टेकलेल्या जागेपर्यंत, तिथून कवचात, कवचाच्या आट्यांमधून आणि वॉशरमधून सिलिंडर हेडमध्ये आणि शेवटी कूलंटमध्ये जाते. नाक लांब असले तर उष्णतेची वाट लांबते आणि टोक जास्त तापते; हा ‘गरम’ प्लग. नाक आखूड असले तर उष्णता लवकर निघून जाते. हा ‘थंड’ प्लग. ठिणगीची ताकद दोन्हींत सारखीच असू शकते, तिचा प्लगच्या या गरम-थंडपणाशी, म्हणजे हीट रेंजशी, संबंध नाही. टोकाचे तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियस या पट्ट्यात राहिले पाहिजे. ४५० च्या वर टोकावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली ती साचते, काजळीतून वीज कवचाकडे गळते, ठिणगी पडत नाही आणि गाडी ‘मिसिंग’ मारू लागते. टोक ९५० च्या पुढे गेले तर ते स्वतःच निखाऱ्यासारखे तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. वर येणारा पिस्टन मग आधीच जळत असलेल्या वायूला दाबत राहतो, आणि अशा अवस्थेत पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सरने साधे नॉकिंग ओळखले की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगीचे टायमिंग मागे घेऊन उपाय करतो. इथे मात्र आग ठिणगीने लावलेलीच नसते, म्हणून ठिणगी उशिरा टाकून ती आटोक्यात येईल याचा भरवसा नाही.

आता उन्हाचा मुद्दा. सौंदडच्या पहाटेच्या थंडीत आणि मेच्या दुपारी फरक पडतो सुमारे ३५ अंशांचा. हीट रेंजच्या एका पायरीने टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक पडतो, असे एनजीके ही जपानी प्लग कंपनी सांगते. म्हणजे वर्षभराचा सगळा फरक जसाच्या तसा टोकापर्यंत पोचला असे धरले, तरी तो एका पायरीच्या निम्माच भरतो. प्रत्यक्षात तो तसा पोचतही नाही. गरम हवा विरळ असते. ४५ अंशांच्या हवेची घनता १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी भरते. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात तेवढी हवा कमी जाते, तेवढे पेट्रोल कमी जळते आणि तेवढी उष्णता कमी तयार होते. कूलंट गरम झाल्यावर थर्मोस्टॅट त्याला वर्षभर साधारण एकाच तापमानाला ठेवतो, म्हणून प्लग ज्या हेडमध्ये उष्णता सोडतो ते हेडही ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाही. यावर कोणी म्हणेल, उन्हाळ्यात गाडी नॉक करते आणि पिकअप पडतो हा तर अनुभव आहे. तो खराच आहे. आत येणारी हवा तापलेली असली की नॉकिंगची प्रवृत्ती वाढते, ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि ताकद कमी होते. पण टायमिंग मागे गेले की प्लगचे टोक उलट निवते. उन्हाळ्यातल्या या तक्रारीची जागा इंटरकूलर, कूलंट, रेडिएटरचा पंखा आणि पेट्रोलचा दर्जा यांत शोधायला हवी. प्लग बदलून रेडिएटरचा दोष जात नाही.

प्लगला खरा फरक पडतो तो सिलिंडरच्या कामाने. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरांतून सुमारे ४० अश्वशक्ती मिळत असे, म्हणजे दर सिलिंडरला १०. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होऊन २०१३ मध्ये बाजारात आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटरचे इंजिन १०५ पीएसचे होते, म्हणजे दर सिलिंडरला २६. त्याच चाकणच्या फोक्सवॅगन व्हर्टसमधले १.५ टीएसआय १५० पीएस देते, दर सिलिंडरला ३७ हून अधिक. दोन पिढ्यांत एका सिलिंडरचा भार जवळजवळ चौपट झाला. एवढे काम वाढल्यावर प्लग बदलायला नकोत का, तर हवेतच, आणि कारखान्याने ते बदलूनच दिलेले असतात. कंपनीने दिलेल्या प्लगला ‘साधा’ म्हणणारे हीच गोष्ट विसरतात. तो नंबर त्याच इंजिनासाठी, टर्बोच्या त्याच दाबासाठी म्हणजे बूस्टसाठी, कडाक्याच्या थंडीपासून भर उन्हात घाट चढण्यापर्यंतच्या चाचण्यांतून निवडलेला असतो. गाडी कारखान्यातून आली तशीच असेल, तर तो बदलायला सबळ कारण लागते.

रिमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूचे प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेल्या, गाडीची गोष्ट वेगळी. इथे थंड प्लगची मागणी रास्त ठरू शकते, पण किती थंड, हे मोजून ठरवावे. ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली की एक पायरी थंड प्लग, असा ठोकताळा एनजीके देते. तो आंधळेपणाने लावला तर व्हर्टसवर ३० अश्वशक्ती वाढवणाऱ्याला काहीच करायची गरज दिसणार नाही. पण प्लगला सगळ्या गाडीची ताकद कळत नाही, त्याला फक्त स्वतःच्या सिलिंडरमधली ज्वाला भेटते. आठ सिलिंडरांच्या अमेरिकी इंजिनात ८० अश्वशक्ती वाढली तर प्रत्येकाच्या वाट्याला १० येतात. चार सिलिंडरांत ३० वाढली तर साडेसात येतात. म्हणजे ३०-४० ची वाढ ही चार सिलिंडरांच्या टर्बो इंजिनात एका पायरीच्या उंबरठ्यावर असते. त्यात टायमिंगही पुढे घेतले असेल तर तराजू आणखी झुकतो, कारण टायमिंग १० अंशांनी पुढे नेले की टोक ७० ते १०० अंशांनी तापते, म्हणजे पुरती एक पायरी. रिमॅप करणाऱ्याने बूस्ट किती वाढवला आणि टायमिंग किती पुढे नेले, हे दोन आकडे त्याच्याकडून मागून घ्यावेत. जो हे आकडे देत नाही त्याचा प्लगविषयीचा सल्लाही घेऊ नये. आकडे सबळ असतील तर एक पायरी पुरते. दोन पायऱ्या सहसा रेसच्या गाडीलाच लागतात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की प्लग जरा जास्त थंड झाला तर फार तर काजळी धरेल, पण जरा जास्त गरम राहिला तर पिस्टन जाईल. मग थंडाच्या बाजूने चूक झालेली काय वाईट? नुकसानाच्या आकारात हा फरक आहे, हे मान्य करायलाच हवे, आणि म्हणूनच रिमॅप केलेल्या इंजिनात शंका आली तर एक पायरी थंड जाणे योग्य. पण कारण नसताना घेतलेले हे संरक्षण फुकट मिळत नाही. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या, मग उभी गाडी, आणि महिन्यातून एखादी नागपूरची फेरी असा जिचा वापर आहे, तिचे इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. हिवाळ्याच्या पहाटे तर थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते. अशा वेळी आखूड नाकाचा प्लग ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. काजळी धरते, गाडी मिसिंग मारते, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि तो महागडा भाग जळतो. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेलही पेट्रोलने धुतले जाते. शिवाय टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला की होणारे अवेळी पेटणे तेलाच्या थेंबांमुळे आणि साचलेल्या थरांमुळे घडते, असे संशोधक मानतात. त्यावर उपाय योग्य दर्जाचे तेल आणि खालच्या गिअरमध्ये चालवणे हा आहे, थंड प्लग हा त्याचा उपाय नाही.

रेसचा दाखला इथे नेहमी दिला जातो, आणि तोच नीट पाहिला तर उलटी साक्ष देतो. जुन्या काळच्या रेसच्या मोटारींत इंजिन तापवताना मेकॅनिक गरम प्लग बसवत आणि शर्यतीआधी ते काढून थंड प्लग लावत, कारण थंड प्लगवर सावकाश चालणारे इंजिन काजळीने बंद पडे. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये गाडी पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, पूर्ण ताकदीने धावते आणि थांबते. तिचा प्लग त्या काही सेकंदांसाठी निवडलेला असतो. महामार्गावरच्या गाडीला मात्र गावातली गर्दी, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतचा सावध वेग आणि मोकळा चौपदरी रस्ता हे सगळे एकाच प्लगवर पार करायचे असते. तिला मधला, सर्वांगीण प्लगच लागतो.

निवडताना आणखी तीन गोष्टी गोंधळ करतात. पहिली, नंबरांची दिशा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६, डेन्सोचा २० आणि बॉशचा ७ साधारण एका पायरीचे आहेत. एनजीकेत एक पायरी थंड म्हणजे ७, बॉशमध्ये ६. दुकानात ‘एक नंबर वाढवून द्या’ म्हणणारा ग्राहक बॉशचा प्लग घेऊन उलट जास्त गरम प्लग घरी नेऊ शकतो. दुसरी, इरिडियमची भुरळ. इरिडियम सुमारे २४५० अंशांना वितळतो, म्हणून त्याचे टोक बारीक करता येते, झिजते कमी आणि कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. पण हीट रेंज नाकाच्या लांबीने ठरते. इरिडियममध्ये गरमही असतात आणि थंडही. तिसरी गोष्ट गॅपची, म्हणजे ठिणगी उडते त्या दोन इलेक्ट्रोडांमधल्या फटीची. बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाट वायूतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. रिमॅपनंतर जोरात दाबल्यावर गाडी अडखळत असेल, तर दोष पुष्कळदा हीट रेंजचा नसून गॅपचा असतो, आणि गॅप थोडा कमी केल्याने तो मिटतो.

देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले, तेव्हा त्याचाही विचार हवा. इथेनॉलची बाष्प होताना उष्णता शोषण्याची क्षमता पेट्रोलच्या सुमारे अडीच पट आहे आणि ते नॉकिंग चांगले रोखते. म्हणजे आतले मिश्रण जरा निवते. दुसरीकडे तापलेल्या पृष्ठभागाने अवेळी पेटण्याचा कल इथेनॉलमध्ये पेट्रोलहून जास्त असतो. ही दोन टोके एकमेकांना बरीचशी तोलतात. फक्त इंधन बदलले म्हणून नंबर बदलण्याचे कारण त्यातून निघत नाही.

शेवटचा पुरावा प्लग स्वतः देतो. काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवून प्लग उघडून पाहावेत. कोरडी काळी काजळी म्हणजे प्लग जास्त थंड, किंवा पेट्रोल जास्त. ओलसर तेलकट काळा म्हणजे इंजिन तेल खाते आहे. नाकावर बारीक चमकते ठिपके, इलेक्ट्रोडच्या गोलावलेल्या कडा किंवा फोड आलेले सिरॅमिक दिसले तर तो धोक्याचा इशारा. नुसता पांढरा रंग मात्र घाबरण्याचा नाही. बदामी रंग म्हणजे उत्तम ही खूण शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. देशभर शिसे बंद झाले ते २००० साली, आणि आजच्या इंजेक्शन इंजिनात निरोगी प्लग पुष्कळदा फिकट राखाडी किंवा पांढुरकाच निघतो. चारही प्लग सारखे दिसत असतील तर प्लगचा किंवा ट्यूनिंगचा विचार करावा. एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा. बसवताना टॉर्क रेंच हवाच. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये नीट जात नाही आणि मग योग्य नंबरही गरम प्लगासारखा वागतो.

म्हणून सौंदडच्या गॅरेजमध्ये असो वा नागपूरच्या शोरूममध्ये, गाडीमालकाने आग्रह धरायचा तो नेमक्या नोंदीचा. बिलावर प्लगची पूर्ण संज्ञा, गॅप आणि बसवताना दिलेला टॉर्क लिहून घ्यावा, रिमॅप असेल तर बूस्ट आणि टायमिंगचे आकडेही. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून दाखवायला सांगावे. मेकॅनिकचा अनुभव मोलाचा असतोच, पण तो या आकड्यांवर आणि काढलेल्या प्लगांवर पारखून घेता आला पाहिजे. तसे झाले, की अगदी थोड्या गाड्यांना एक पायरी थंड प्लग लागेल आणि बाकीच्यांना कंपनीने दिलेलाच नंबर पुरेल.