पॉजच्या बटणातला सैतान

विल्यम फ्रीडकिनच्या 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये फादर करासला आईचं स्वप्न पडतं. म्हातारी सबवेच्या पायऱ्या चढून रस्त्यावर येते, काहीतरी सांगू पाहते आणि पुन्हा खाली उतरते. तेवढ्यात एक पांढराफटक चेहरा झळकून जातो. १९७३ साली थिएटरात बसलेल्याला आपण खरंच काही पाहिलं की भास झाला, हे ठरवायला सवड नव्हती. पुढे घरोघरी व्हीसीआर आले आणि लोकांनी तो चेहरा पॉज करून निवांत न्याहाळला. मेकअपमन डिक स्मिथच्या रंगभूषा चाचणीतला, आयलीन डिट्झ या अभिनेत्रीचा तो चेहरा. गुपित उकललं, भीतीही थोडी ओसरली.

घरी पाहण्यावरूनच ब्रिटनमध्ये घोडं अडलं. १९८४च्या कायद्यानं प्रत्येक कॅसेटला सेन्सॉरचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हा चित्रपट थिएटरात दाखवायला हरकत नव्हती, पण घरातल्या पोरांच्या हाती कॅसेट लागेल या धास्तीनं ते प्रमाणपत्र काही मिळालं नाही. १९८८मध्ये कॅसेट दुकानांतून गेली, ती १९९९मध्ये एकही काट न लागता परतली. एवढ्या वर्षांत तिची दहशत मात्र फुकटात वाढली.

खरी दहशत पडद्यापेक्षा ध्वनीत आहे, आणि कॅसेटच्या जमान्यातल्या टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरनं तिचीच माती केली. झपाटलेल्या मुलीच्या, रीगनच्या तोंडून बोलणारा सैतान म्हणजे मर्सिडीज मॅककेंब्रिज. कच्ची अंडी आणि सिगरेटींवर घासून घेतलेला तो आवाज, पण सुरुवातीला श्रेयनामावलीत तिचं नावच नव्हतं. भांडून मिळवावं लागलं. चित्रपटाला मिळालेल्या दोन ऑस्करांपैकी एक ध्वनीसाठी होतं, हे डीव्हीडी आणि बऱ्यापैकी स्पीकर आल्यावर घरबसल्या पटलं.

मग २००० साली वाढीव आवृत्ती आली. उलट्या अंगानं जिना उतरणारी रीगन परतली, ते ठीक. पण स्वयंपाकघरातल्या चिमणीवर, दारावर सैतानाचे आणखी चेहरे डकवले. ते सरळसरळ पॉजवाल्यांसाठी! पटकथाकार विल्यम पीटर ब्लॅटीला शेवटाबद्दल पहिल्यापासून रुखरुख होती: प्रेक्षकाला सैतानच जिंकला असं वाटू नये. म्हणून करासचा मित्र फादर डायर आणि पोलीस लेफ्टनंट किंडरमनच्या गप्पांची झुळूक जोडली. मला ती नको वाटते. मूळ चित्रपट डायर एकटा घराबाहेरच्या जिन्याशी उभा असतानाच संपतो. ब्लॅटीला दिलासा मिळाला, चित्रपटाचा दात मात्र बोथट झाला.

२०२३मध्ये, फ्रीडकिन गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, फोर-केची डिस्क आली. दोन्ही आवृत्त्या तिच्यात आहेत. पहिल्यांदाच पाहणार असाल तर १९७३चीच लावा, आवाज मोठा ठेवा आणि रिमोट दुसऱ्या कोणाकडे तरी द्या.