उसन्या फौजेचा उंदीर

फिलाडेल्फिया येथील मेल्विन बोस्मा व त्यांचे सहकारी यांनी 1983 साली ज्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांच्या शरीरात एका जनुकाच्या दोषामुळे टी व बी या दोन्ही प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. आणि म्हणूनच परकीय पेशींना हुसकावून लावण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नसते. एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस एरवी उंदराच्या पेशीत शिरकाव करू शकत नाही; परंतु 1988 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशा उंदरांत मानवी रोगप्रतिकारक पेशींचे रोपण केले, तेव्हा त्या उसन्या फौजेत त्याचा संसर्ग अभ्यासणे शक्य झाले. या व पुढील सुधारित उंदरांवरील प्रयोगांतून जे दिसले, ते उद्बोधक आहे: संरक्षणाच्या बंदोबस्ताची सूत्रे ज्यांच्या हाती, त्या सीडी4 प्रकारच्या टी पेशीच विषाणूचे आश्रयस्थान बनतात, व त्या उत्तेजित असता त्याची वाढ जोमाने होते, उलट सीडी8 प्रकारच्या टी पेशी बाधित पेशींचा नाश करून त्याच्या अंमलास आवर घालतात, आणि त्या काढून टाकल्या असता रक्तातील विषाणू वाढतात. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे खरे; तथापि नव्या औषधांची प्राथमिक परीक्षा अशा प्राण्यावर घेता येते, हा लाभ सामान्य नाही.